अ‍ॅम्प्लिफायरचा जातो-येतो बिघाड: आधी पकडा, मग दुरुस्त करा

अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण बंद पडला तर दुरुस्ती त्या मानाने सोपी. फ्यूज उडालेला असतो, एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, मीटर लावला की सापडतो. डोकं खातो तो अधूनमधून येणारा बिघाड. गाणं सुरू असताना डावा चॅनेल गप्प होतो आणि आवाजाचा नॉब जरा हलवला की परत येतो. किंवा अर्धा तास सुरळीत वाजल्यावर खरखर सुरू होते आणि झाकण उघडलं की यंत्र अगदी साळसूद. अशा वेळी नवखा माणूस दिसेल तिथे स्प्रे मारतो, दिसेल तो कपॅसिटर बदलतो. त्याने कधीकधी आवाज येतोही. पण कशामुळे आला ते कळत नाही आणि काही दिवसांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

म्हणून माझा एकच आग्रह आहे: बिघाड हवा तेव्हा आणता आणि घालवता येईपर्यंत काहीही साफ करू नका, काहीही बदलू नका. तो हुकमी आला की निम्म्याहून जास्त काम झालं. उरलेलं काम हाताचं असतं आणि ते सरावाने जमतं.

हा लेख ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या आणि आत साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्टिरिओ अ‍ॅम्पपुरता आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी सहज असतो. स्विचिंग पॉवर सप्लाय असलेल्या अ‍ॅम्पमध्ये २३० व्होल्टचा मेन्स (भिंतीतून येणारी वीज) सरळ रेक्टिफाय होऊन, म्हणजे डीसी बनून, कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट बसलेले असतात. पहिल्या दुरुस्तीसाठी ही दोन्ही यंत्रं नकोत.

पायरी १: स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा

आधी बिघाड खरोखर अ‍ॅम्पमध्येच आहे ना ते ठरवा. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं.

समजा डावीकडचा आवाज जातो. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पच्या मागे डाव्याच्या उजवीकडे आणि उजव्याच्या डावीकडे लावा. आता उजवीकडचा स्पीकर गप्प होऊ लागला तर स्पीकर आणि वायर निर्दोष, दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्याही आधी. डावीकडचाच स्पीकर गप्प राहिला तर अ‍ॅम्पला हात लावायचं कारणच नाही. मग वायरी मूळ जागी आणा आणि इनपुटच्या आरसीए पिनांची अशीच अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर केबल किंवा प्लेअर दोषी, आहे तिथेच राहिला तर अ‍ॅम्प.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कायमच्या बिघाडात तिची गरज पडत नाही. अदलाबदल केल्यावर आवाज पाच मिनिटं नीट आला याने काहीच सिद्ध होत नाही. पिन काढून परत बसवताना ती घासली जाते आणि तेवढ्यानेही संपर्क तात्पुरता सुधारतो. निष्कर्ष काढायचा तो दोष पुन्हा दिसल्यावरच. दिसेपर्यंत थांबायचं, गाणी ऐकायची.

थांबलेल्या वेळात वहीत टिपत जा: चालू केल्यापासून किती वेळाने दोष आला, कोणता चॅनेल, आवाज लहान होता की मोठा, परत कशाने आला. हेडफोन लावून पाहा, दुसऱ्या इनपुटवर पाहा. टेप मॉनिटरचं (टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकण्यासाठीचं) बटण असेल तर दोन-चार वेळा दाबून पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेलं हे बटण पूर्ण सिग्नलच्या वाटेत बसलेलं असतं. काही अ‍ॅम्पच्या मागे प्रीआउट (आधीच्या भागातून सिग्नल बाहेर येण्याची जागा) आणि मेनइन (तो पॉवर भागात जाण्याची जागा) जोडणारी धातूची यू आकाराची पट्टी असते. ती काळवंडली तरी आवाज असाच जातो-येतो आणि लोक विनाकारण आतला बोर्ड उचकटत बसतात.

पायरी २: लक्षणावरून संशयित ठरवा

आवाज क्षणभर मोठा केला की गेलेला चॅनेल परत येतो आणि मग लहान आवाजातही टिकतो. या लक्षणाला स्पीकर रिलेचा (स्पीकर जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) किंवा एखाद्या स्विचचा काळवंडलेला संपर्क बहुतेक वेळा जबाबदार असतो. संपर्कावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. लहान सिग्नलला तो भेदता येत नाही, मोठा सिग्नल भेदून जातो. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की मी पहिला संशय नेहमी रिलेवर घेतो.

नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचा, ट्रॅक मळलेला आहे. साफ करूनही ती लगेच परत आली तर नॉबवर डीसी व्होल्टेज येतंय का ते तपासा. आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळत असला की असं होतं आणि मग कितीही स्प्रे मारा, उपयोग शून्य.

कॅबिनेटवर टिचकी मारली की आवाज जातो किंवा येतो: सुटलेलं सोल्डर नाहीतर सैल कनेक्टर. तापल्यावर दोष येतो: सोल्डरमधली बारीक चीर किंवा ट्रान्झिस्टर. थंड असताना दोष आणि तापल्यावर ठणठणीत: वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ही यादी काही ब्रह्मवाक्य नाही, पण सुरुवात कुठून करायची ते तिच्यावरून ठरतं.

दोन्ही चॅनेल एकाच क्षणी जात असतील तर दोघांत सामाईक काय आहे ते शोधा: पॉवर सप्लाय, इनपुट सिलेक्टर, म्यूट सर्किट, प्रोटेक्शन. त्यात आवाज जाताना रिलेचा ‘टक्’ ऐकू आला तर प्रोटेक्शन सर्किट आपलं काम करत असण्याची शक्यता आहे. आउटपुटवर डीसी आला, यंत्र फार तापलं किंवा स्पीकरच्या टर्मिनलवर तांब्याचा एक सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला, की ते आवाज तोडतं. अशा वेळी वायर टाकून रिले बायपास करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. बायपास केलात आणि डीसी खराच असला, तर पुढच्या मिनिटाला वूफरची कॉइल जळते.

पायरी ३: झाकण उघडताना

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. प्लग जोडलेला असेपर्यंत आतल्या मेन्स स्विचच्या टोकांवर वीज असते. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

मोठे फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ५० व्होल्ट असले तर त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा साठलेली असते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलं तर ठिणगी उडते, टोक वितळतं, कपॅसिटरलाही इजा होते. त्याऐवजी १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेटेड क्लिपा लावा आणि प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांवर मिनिटभर जोडा. वरच्या उदाहरणात टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर) १० सेकंदांचा आहे आणि त्याच्या पाचपट, म्हणजे ५० सेकंदांत, व्होल्टेज नाममात्र उरतं. तरी मीटरने बघा. एक व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट नाही. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये अधिक आणि उणे अशा दोन रेल (सप्लायच्या व्होल्टेजच्या वाटा) असतात, त्यामुळे मोठे कपॅसिटरही दोन. दोन्ही रिकामे करायचे.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या फेज वायरीत ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सीरिजमध्ये लावावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. बल्ब लावलेला असताना आवाज मात्र वाढवायचा नाही. आणि चालू यंत्रात हीट सिंकला हात लावू नका. तो तापलेला तर असतोच, काही अ‍ॅम्पमध्ये त्याच्यावर रेलचं व्होल्टेजही असतं.

बाकी साहित्य मामुली आहे: डिजिटल मीटर, बारीक टोकाचे हुक-क्लिप, तापमान नियंत्रित सोल्डरिंग आयर्न, सोल्डर विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), फ्लक्स (ऑक्साइड काढणारं रसायन), आयसोप्रोपिल अल्कोहोल, भिंग आणि एक लाकडी काडी. तपासणीसाठी आवडते स्पीकर वापरू नका. ८ ओहमचा जाड रेझिस्टर किंवा एखादा टाकाऊ स्पीकर जोडा.

पायरी ४: आधी डोळे

विजेरी तिरकी धरून, भिंगातून बोर्डाची सोल्डरची बाजू सावकाश बघा. चांगल्या जोडात सोल्डर पॅडपासून पिनेवर गुळगुळीत चढलेलं दिसतं. सुटलेल्या जोडात पिनेभोवती एक बारीक काळं कडं असतं, जणू कोणी सुईने वर्तुळ कोरलंय. समोरून उजेड पडला तर ते दिसत नाही. विजेरी आडवी केली की कड्याच्या एका बाजूला सावली पडते आणि ते उठून येतं. जिथे वजन, ताण किंवा उष्णता आहे तिथे आधी शोधा: आरसीए सॉकेट, हेडफोनचं सॉकेट, नॉबच्या पिना, रिले, पॉवर ट्रान्झिस्टर, सप्लायमधले रेग्युलेटर आणि बोर्डाचा रंग ज्यांच्याखाली करपलाय असे मोठे रेझिस्टर.

जुन्या यंत्रांत मोठे कपॅसिटर पिवळसर गोंदाने चिकटवलेले असत. त्यातला काही प्रकारचा गोंद वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पार्टच्या पिना खातो. तो फुटलेल्या आवाजाचं कारण असू शकतो. दोष हाती लागल्यावर तो लाकडी काडीने खरवडून काढा आणि खालचे जंपर (जोडणाऱ्या तारा), डायोड शाबूत आहेत का ते बघा. कपॅसिटरची फुगलेली डोकी, पिनेपाशी ओल, सैल रिबन केबल याच फेरीत पाहून घ्या.

चीर दिसली तरी आयर्न उचलायची घाई नको. जागेची नोंद करा. हाच तो दोष, याचा पुरावा अजून मिळालेला नाही.

पायरी ५: दोष हुकमी आणा

अ‍ॅम्प चालू, लहान आवाज, एक हात पाठीमागे. लाकडी काडीच्या टोकाने बोर्डावर हलक्या टिचक्या मारत जा. पूर्ण बोर्ड थरथरतो, त्यामुळे सुरुवातीला कुठेही मारलं तरी खरखर येते आणि माणूस चकतो. भाग ओळखता आला की ठोकणं थांबवा आणि काडीने एकेक पार्ट हळूच दाबा, किंचित ढकला. अमुक रेझिस्टर डावीकडे ढकलला की आवाज जातो, सोडला की येतो, हे सलग पुन्हा पुन्हा घडलं की चोर हाती लागला.

दोष तापण्याशी जोडलेला असेल तर हेअर ड्रायरने एकेक भाग कोमट करा. पार्ट हाताला जेमतेम सोसवेल इतकाच तापवा. मग फ्रीझर स्प्रेचा छोटा फवारा संशयित ट्रान्झिस्टरवर मारा. थंड केल्याबरोबर खरखर थांबली आणि तापल्यावर परत आली तर तो बदलायचा. मेन्सच्या भागात हा फवारा मारू नका, कारण त्याने दव धरतं.

पायरी ६: दोन चॅनेलची तुलना

ढकलूनही काही कळत नसेल तर सिग्नलच्या मागे जावं लागतं. इथे स्टिरिओ अ‍ॅम्पचा मोठा फायदा असा, की बिघडलेल्या चॅनेलची जिवंत प्रत शेजारीच असते. सर्किटचा नकाशा नसला तरी चालतं. उजव्या चॅनेलच्या एखाद्या बिंदूवर अमुक व्होल्टेज आहे तर डाव्याच्या त्याच बिंदूवर तेवढंच हवं.

फोनमधून ४०० हर्ट्झच्या आसपासचा साइन टोन दोन्ही चॅनेलना सारखाच द्या. टोन याहून बराच वरचा घेऊ नका, साधे मीटर जास्त फ्रिक्वेन्सीवर चुकीचं एसी व्होल्टेज दाखवतात. पहिलं मोजमाप वाटेच्या मधोमध घ्या, म्हणजे आवाजाच्या नॉबच्या मधल्या पिनेवर. यंत्र बंद असताना क्लिप लावा, मग चालू करा आणि दोषाची वाट पाहा. मीटरची सुई हातात धरून चालू बोर्डावर टेकवत बसलात तर ती कधीतरी घसरते, दोन पिना शॉर्ट करते आणि लहान बिघाडाचा मोठा होतो.

आवाज गेला तेव्हा नॉबवरचा सिग्नल जागच्या जागी असेल तर दोष पुढे, पॉवर अ‍ॅम्पकडे. सिग्नलही गेला तर मागे, इनपुटकडे. उरलेल्या भागाच्या पुन्हा मध्यावर क्लिप लावा. अशा तीन-चार फेऱ्यांत शोध एखाद-दोन पार्टांपर्यंत येऊन ठेपतो.

रिलेची परीक्षा वेगळी आणि सोपी आहे. लोड (तो ८ ओहमचा रेझिस्टर किंवा टाकाऊ स्पीकर) जोडून, टोन चालू ठेवून, रिलेच्या एका संपर्काच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पिनांच्या मध्ये मीटर एसी मिलिव्होल्टवर लावा. निरोगी संपर्कावर जवळजवळ शून्य दिसतं. आवाज गेला त्या क्षणी इथे आकडा उसळला तर वाद संपला.

याच टप्प्यावर रिलेच्या अलीकडे, टोन बंद करून, प्रत्येक चॅनेलचा डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. १०० च्या वर जाऊन हेलकावे खात असेल तर सुरुवातीच्या टप्प्यातले लहान ट्रान्झिस्टर बघा. व्होल्टमध्ये असेल तर स्पीकर जोडूच नका. बोर्डावर बायसचे (आउटपुट ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट ठरवणारे) छोटे ट्रिमर, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरणारे रेझिस्टर, दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. जुन्या ट्रिमरचा सरकता संपर्क फिरवताना सुटू शकतो आणि अनेक सर्किटांत तसं झालं की आउटपुट ट्रान्झिस्टरमधून भरमसाट करंट वाहून ते जळतात.

पायरी ७: प्रत्यक्ष दुरुस्ती

रिले बदलणं हा खरा उपाय. कॉइलचं व्होल्टेज तेच हवं (बहुधा १२ किंवा २४, रिलेवर छापलेलं असतं), संपर्काची अँपिअर क्षमता तेवढी किंवा जास्त आणि पिनांची मांडणी हुबेहूब. नवा मिळेपर्यंत जुन्याचं झाकण निघत असेल तर कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिलमध्ये भिजवून संपर्कांच्या मध्ये ठेवा, बोटाने हलकं दाबा आणि ओढून घ्या. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत करा. सँडपेपर किंवा कानस नको, वरचा मुलामा निघून जातो आणि संपर्क आधीपेक्षा लवकर खराब होतो.

नॉब आणि स्विचसाठी इलेक्ट्रॉनिक्सकरता बनवलेला, किंचित वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे इथे नको. यंत्र बंद असताना पोटेन्शिओमीटरच्या फटीत एकच छोटा फवारा मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि वाळू द्या. जास्त मारलात तर आतलं ग्रीस धुऊन जातं आणि नॉब भसकन फिरू लागतो. वापरायला ते फार चीड आणणारं असतं.

सोल्डरच्या चिरेवर नुसतं आणखी सोल्डर थापू नका. जुना ऑक्साइड तसाच आत राहतो. फ्लक्स लावा, विकने जुनं सोल्डर उचला, पिन अल्कोहोलने पुसा, मग नवं द्या. ६३/३७ चं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. आयर्न ३४० ते ३६० अंशांवर ठेवून पिन आणि पॅड दोन्ही एकत्र तापवलं की दोन-तीन सेकंदांत जोड होतो. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर टोक मळलंय, ते साफ करा. रेटत राहिलात तर पॅड बोर्डापासून सुटतो. काम झाल्यावर हात धुवा, शिसं पोटात जायला नको.

पार्ट बदलताना कपॅसिटरचं मायक्रोफॅरड तेच आणि व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त घ्या, आणि अधिक-उणे बाजू काढण्याआधी फोटोत पकडा. ट्रान्झिस्टरच्या पिनांचा क्रम नंबराप्रमाणे बदलतो, डेटाशीट बघितल्याशिवाय बसवू नका. पॉवर ट्रान्झिस्टर काढलाच तर त्यामागचा अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पडदा परत लावा. नंतर ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यात कंटिन्युइटी (थेट जोडणी) नाही ना ते मीटरने बघा. जुन्या पडद्याची जागा रिकामी राहिली तर पहिल्याच स्विचला फ्यूज उडतो.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि दरवेळी दोष पुन्हा आणून बघा.

पायरी ८: खात्री

सीरिज बल्ब लावून चालू करा, डीसी पुन्हा मोजा, मग बल्ब काढा. ज्या युक्तीने दोष हुकमी यायचा तीच आता करा: तोच रेझिस्टर ढकला, त्याच जागी ड्रायर धरा, तितकाच वेळ थंड ठेवून लहान आवाजात चालू करा. पूर्वी दहा मिनिटांत येणारा दोष दोन-तीन तास आला नाही तर विश्वास ठेवायला हरकत नाही. पूर्वी आठवड्यातून एकदाच येत असेल तर महिनाभर टाकाऊ स्पीकरवर वाजवा आणि वही जवळ ठेवा.

झाकणाचे सगळे स्क्रू परत लावा, तळाचेसुद्धा. काही अ‍ॅम्पमध्ये बोर्डाचं ग्राउंड एखाद्या स्क्रूमधूनच चासीला (धातूच्या सांगाड्याला) जातं. तो पेटीत उरला तर नवीनच घुरघुर सुरू होते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.